फॉरमॅट मारायच्या आधी कॉम्प्युटरने केलेली नोंद वाचा

प्रश्न : नमस्कार दादा, माझं कुडाळला डीटीपी आणि छपाईचं छोटं दुकान आहे. लग्नपत्रिका, जत्रेची हँडबिलं, आंब्याच्या पेटीवरची लेबलं, सगळं करतो. दिवाळीत पुतण्या मुंबईहून आला होता, विंडोज १० चे अपडेट बंद झालेत म्हणून त्याने कॉम्प्युटर विंडोज ११ वर नेला. बाकी सगळं बरं चाललंय, पण पेज लावायचं माझं जुनं सॉफ्टवेअर (वीस वर्षं तरी झाली असतील त्याला) उघडतं, लोगो दिसतो आणि गायब, एरर पण येत नाही. तीनदा काढून परत टाकलं, तेच. दुरुस्तीवाला म्हणतो फॉरमॅट मारूया. तुळशीचं लग्न झालं, पत्रिकांच्या ऑर्डरी येऊन पडल्यात, जत्रा सुरू होतायत. काय करू?
– एक वाचक, कुडाळ

उत्तर : दादा, पहिली गोष्ट, फॉरमॅटला आत्ता नाही म्हणा. फॉरमॅट करून परत तेच विंडोज, तोच प्रिंटर आणि तेच फॉन्ट टाकणार असाल तर सॉफ्टवेअर परत तसंच बंद पडायची शक्यता मोठी आहे, आणि मधल्या गडबडीत दहा वर्षांच्या पत्रिकांच्या फायली गेल्या तर त्या कोणी आणून देणार नाही. म्हणून आज रात्री दुकान बंद करायच्या आधी सगळ्या फायली आणि तुमचे मराठी फॉन्ट बाहेरच्या हार्ड डिस्कवर कॉपी करून ठेवा, बाकीचं त्यानंतर.

पुतण्याचं चुकलं नाही हेही सांगतो. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला खरंच संपला. फक्त अपग्रेड झाल्यावर पहिले दहा दिवस सेटिंग्जमधे, सिस्टीम, रिकव्हरी इथे 'गो बॅक' मिळतं आणि जुनं विंडोज फायलींसकट परत येतं, त्या दहा दिवसांत सगळे प्रोग्रॅम एकेकदा उघडून बघायला हवे होते. तुमची ती मुदत आता उलटून गेलीय म्हणून तो रस्ता सोडून द्या.

आता मुख्य गोष्ट. स्क्रीनवर एरर आली नाही म्हणून कॉम्प्युटरला काहीच माहीत नाही असं नसतं, प्रोग्रॅम बंद पडला की विंडोज बहुतेक वेळा त्याची नोंद करून ठेवतं. स्टार्टमधे 'रिलायबिलिटी' टाइप करा, 'व्ह्यू रिलायबिलिटी हिस्ट्री' येईल ते उघडा. तारखांचा तक्ता दिसेल, ज्या दिवशी काही पडलं तिथे लाल गोलात फुली. फुलीवर क्लिक केलं की खाली तुमच्या सॉफ्टवेअरचं नाव आणि 'स्टॉप्ड वर्किंग' दिसेल, त्यावर डबल क्लिक करा. आत दोन ओळी कामाच्या आहेत, 'फॉल्ट मॉड्यूल नेम' (प्रोग्रॅमचा कुठला भाग चालू असताना तो पडला त्याचं नाव) आणि 'एक्सेप्शन कोड' (कसा पडला त्याचा नंबर), त्या कागदावर उतरवून घ्या. तिथे फुली सापडली नाही तर इव्हेंट व्ह्यूअर उघडा, विंडोज लॉग्ज, ॲप्लिकेशन, आणि इव्हेंट आयडी १००० ची ओळ शोधा, माहिती तीच मिळते.

कोड बहुतेक झिरो एक्स सी, मग सहा शून्यं आणि शेवटी ५ असा असेल. म्हणजे प्रोग्रॅमने मेमरीत जिथे हात घालायचा नाही तिथे घातला, एवढंच त्यातून कळतं. जास्त सांगतं ते मॉड्यूलचं नाव. पण तिथे 'एनटी-डीएलएल' (ही विंडोजची स्वतःची फाइल) दिसलं तर लगेच विंडोज खराब झालं असं समजू नका. गाडी आंबोली घाटात बंद पडली म्हणून दोष घाटाचा नसतो, डिझेलमधे पाणी खालीच शिरलेलं असतं, तसंच आहे हे. त्या नावावरून प्रोग्रॅम कुठे पडला ते कळतं, कोणामुळे पडला ते नाही.

तुमचं वर्णन वाचून मला पहिला संशय प्रिंटरचा येतो. पेज लावायची जुनी सॉफ्टवेअरं उघडता उघडताच डिफॉल्ट प्रिंटरला विचारतात, बाबा कागद केवढा, मार्जिन किती, आणि त्यासाठी प्रिंटरचा ड्रायव्हर (प्रिंटर चालवणारा छोटा प्रोग्रॅम) स्वतःच्या पोटात घेतात. तो ड्रायव्हर जुना असेल आणि नवीन विंडोजवर गडबडला तर सॉफ्टवेअरला घेऊन पडतो. तीनदा काढून टाकून उपयोग झाला नाही तो यामुळेच असेल, कारण तुम्ही सॉफ्टवेअर बदलत राहिलात आणि प्रिंटर होता तिथेच राहिला. तपासायला पाच मिनिटं पुरतात. सेटिंग्ज, ब्लूटूथ अँड डिव्हायसेस, प्रिंटर्स अँड स्कॅनर्स, तिथे 'लेट विंडोज मॅनेज माय डिफॉल्ट प्रिंटर' बंद करा (ते चालू असलं की शेवटी ज्यावर छापलं तोच डिफॉल्ट होत राहतो), मग 'मायक्रोसॉफ्ट प्रिंट टू पीडीएफ' ला डिफॉल्ट करा आणि सॉफ्टवेअर उघडा. उघडलं तर चोर सापडला, तुमच्या प्रिंटरचा विंडोज ११ साठीचा ड्रायव्हर कंपनीच्या साइटवरून घ्या, आणि तो मिळत नसेल तर पेज लावून पीडीएफ करायची आणि ती पीडीएफ छापायची. मला विचाराल तर ड्रायव्हर मिळाला तरी काम असंच करा, पीडीएफ गिऱ्हाइकाला व्हॉट्सॲपवर दाखवताही येते.

दोष प्रिंटरचा नसेल तर दुसरा संशय फॉन्टवर. डीटीपीवाल्यांकडे वर्षानुवर्षं जमवलेले शेकडो फॉन्ट असतात, त्यातला एखादा बिघडलेला असला की फॉन्टची यादी वाचतानाच जुनं सॉफ्टवेअर आडवं होतं. सगळे एकेक करून तपासत बसू नका. तुम्ही स्वतः टाकलेले जे फॉन्ट आहेत (विंडोजबरोबर आलेल्या मंगल, निर्मला वगैरेंना हात लावायचा नाही) त्यातले अर्धे दुसऱ्या फोल्डरमधे काढा आणि उघडून बघा. उघडलं तर बिघडलेला फॉन्ट काढलेल्यांत आहे, नाही उघडलं तर राहिलेल्यांत, मग त्या ढिगाचे परत अर्धे करा. २५६ फॉन्ट असले तरी आठ फेऱ्यांत एकावर येता.

तिसरं, सॉफ्टवेअरच्या आयकॉनवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, कम्पॅटिबिलिटी, तिथे जुनं विंडोज निवडून बघा आणि खाली 'रन धिस प्रोग्रॅम ॲज ॲन ॲडमिनिस्ट्रेटर' ला टिक करा. विंडोज एक्सपीच्या काळातले प्रोग्रॅम आपली सेटिंग्ज 'प्रोग्रॅम फाइल्स' या फोल्डरमधेच लिहायला बघतात आणि तिथे आता सहजासहजी लिहू दिलं जात नाही. मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरला यूएसबीचं लॉक (सॉफ्टवेअर चालायला लावावी लागते ती पेनड्राइव्हसारखी चावी) असेल तर त्याचा ड्रायव्हरही नवा लागू शकतो. विंडोज सिक्युरिटी, डिव्हाइस सिक्युरिटी, कोअर आयसोलेशन इथे न जमणाऱ्या ड्रायव्हरची यादी दिसते. तिथलंच 'मेमरी इंटिग्रिटी' (वाईट ड्रायव्हरपासून विंडोजला वाचवणारं संरक्षण) बंद करून टाका असा सल्ला कोणी दिला तर मात्र ऐकू नका, त्याच मशीनवर तुम्ही बँकेचं काम करता.

एका वेळी एकच बदल करा आणि प्रत्येक बदलानंतर उघडून बघा, चार गोष्टी एकदम बदलल्या तर कशाने बरं झालं ते कळत नाही. आणि हे सगळं करूनही नाहीच झालं तर जुना विंडोज ७ किंवा १० चा एखादा कॉम्प्युटर नेटची वायर काढून फक्त या सॉफ्टवेअरसाठी ठेवा. सीझन तोंडावर असताना तुमची पत्रिका वेळेवर निघणं जास्त महत्त्वाचं, नवीन सॉफ्टवेअर पावसाळ्यात शिकता येईल.

प्रश्न : आमचा गुहागरला होमस्टे आहे, बिलाचं सॉफ्टवेअर एका ओळखीच्या मुलाने बनवून दिलेलं. नवीन विंडोजवर उघडायला गेलं की डॉट नेट ३.५ मागतं, डाउनलोड करायला सांगितलं की नेट मधेच तुटतं. माझ्याकडे ४.८ आहे असं दिसतं, मग परत ३.५ कशाला?
– एक वाचक, गुहागर

उत्तर : ताई, डॉट नेट म्हणजे काही प्रोग्रॅमना चालायला लागणारं मायक्रोसॉफ्टचं तयार सामान. हे ऐकायला विचित्र वाटतं पण ४.८ आलं म्हणजे ३.५ चं काम भागलं असं होत नाही, दोन्ही शेजारी शेजारी राहतात आणि ज्याच्यासाठी प्रोग्रॅम लिहिला तेच त्याला लागतं. 'टर्न विंडोज फीचर्स ऑन ऑर ऑफ' उघडून डॉट नेट फ्रेमवर्क ३.५ ला टिक करा, २.० आणि ३.० त्यातच येतात. नेट टिकत नसेल तर तुमच्याच व्हर्जनची विंडोज ११ ची आयएसओ फाइल (विंडोज टाकायची अख्खी डिस्क एका फाइलमधे) चिपळूणला वगैरे जिथे चांगलं नेट आहे तिथून पेनड्राइव्हवर आणा, तिच्यात 'सोर्सेस' आणि आत 'एसएक्सएस' नावाचं फोल्डर असतं, तिथून नेट नसतानाही ३.५ बसवता येतं. त्या मुलाला फोन करून नवीन डॉट नेटवर परत बांधून दे म्हणून मात्र जरूर सांगा.

प्रश्न : अपग्रेड चालू असताना लाइट गेली. नंतर पूर्ण झालं, पण आता ब्राउझर, एक्सेल, फोटो, काहीही मधेच बंद पडतं.
– एक वाचक, मालवण

उत्तर : एकच प्रोग्रॅम पडत असेल तर त्या प्रोग्रॅमकडे बघायचं, सगळेच पडत असतील तर खालचा पाया. कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा, आधी डीआयएसएमची 'रिस्टोअर हेल्थ' कमांड (DISM /Online /Cleanup-Image /RestoreHealth) चालवा, ती संपली की एसएफसीची 'स्कॅन नाऊ' (sfc /scannow). दोन्ही विंडोजमधलीच, विंडोजच्या फायली दुरुस्त करायची साधनं. क्रम हाच ठेवा, कारण एसएफसी ज्या साठ्यातून चांगल्या फायली घेतं तो साठाच डीआयएसएम दुरुस्त करतं. डीआयएसएमला नेट लागतं आणि मधे टक्के अडकल्यासारखे दिसतात, बंद करू नका. त्यानंतरही पडत राहिलं तर रॅम आणि डिस्क तपासून घ्या, आपल्याकडच्या दमट खाऱ्या हवेत रॅमच्या पट्टीच्या टोकाला गंज धरतो. यापुढे अपग्रेड लॅपटॉपची बॅटरी पूर्ण भरलेली असताना किंवा इन्व्हर्टरवरच करा.