प्रश्नोत्तरे: पॅच प्रोसेसरला, धाप मशीनला

प्रश्न: माझा लॅपटॉप २०१४ चा आहे. चौथ्या पिढीचा आय-फाइव्ह, आठ जीबी रॅम, विंडोज १०. चालू व्हायलाच चार मिनिटं घेतो. दुकानदार म्हणतो, ‘मेल्टडाऊनच्या पॅचनंतर जुनी मशीन अशीच झाली, नवीन घ्या.’ खरं का? – एक वाचक, सांगली

उत्तर: अर्धं खरं आहे, आणि तेवढं अर्धं दुकानदाराच्या सोयीचं आहे.

मेल्टडाऊन आणि स्पेक्टर ही प्रोसेसरच्या सुरक्षेतली भगदाडं जानेवारी २०१८ मध्ये जाहीर झाली. नाक्यावरचा टपरीवाला तुम्हाला लांबून येताना बघतो आणि न विचारताच कटिंग भरून ठेवतो. तुम्ही न थांबता पुढे गेलात, तर चहा ओतून देतो. वहीत त्याची नोंद नसते, पण ग्लास गरम राहतो. प्रोसेसरही पुढचं काम अंदाजाने आधीच उरकतो आणि अंदाज चुकला की टाकून देतो. कॅशमध्ये, म्हणजे प्रोसेसरच्या हाताशी असलेल्या छोट्या मेमरीत, मात्र त्याची ऊब उरते. कोणता ग्लास गरम आहे हे चाचपून गुपित ओळखायचं, ही या हल्ल्यांची युक्ती.

मेल्टडाऊनवर इलाज म्हणून कर्नलच्या, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या, मेमरीचा नकाशा चालू प्रोग्रॅमच्या नकाशातून वेगळा काढला. पूर्वी स्वयंपाकघरातून कोठीत जायला दार होतं. ते बुजवलं, आता दर खेपेला अंगणातून वळसा. दिवसातून दोनदा कोठीत जाणाऱ्याला काही कळत नाही, पंगत वाढणाऱ्याचे पाय दुखतात. म्हणूनच डिस्क आणि नेटवर्कशी (म्हणजे कर्नलमार्फत) सारखी देवाणघेवाण करणारी कामं मंदावतात, नुसती आकडेमोड फारशी नाही. मायक्रोसॉफ्टने तेव्हाच सांगितलं होतं, की २०१६ च्या सुमाराच्या किंवा त्यानंतरच्या प्रोसेसरवर विंडोज १० असेल तर फटका एक आकडी टक्क्यांचा. हॅसवेल किंवा त्याआधीच्या प्रोसेसरवर काहींना तो जाणवेल. तुमची चौथी पिढी म्हणजे हॅसवेलच.

पण असल्या फटक्याने मशीन चालू व्हायला चार मिनिटं लागत नाहीत. मागच्या महिन्यात माझा मामेभाऊ असाच लॅपटॉप घेऊन आला, तक्रारही हीच. टास्क मॅनेजर उघडला: सीपीयू १२ टक्के, डिस्क १०० टक्के. वर्ड उघडायला सांगितलं की आतून कुरकुर ऐकू यायची. आत फिरत्या तबकडीची मूळ हार्ड डिस्क होती. तिच्या जागी साधी साटा एसएसडी (बिनतबकडीची, वेगवान डिस्क) बसवली, पॅचला हात लावला नाही, आणि तक्रार संपली.

तुम्हीही आधी तेच बघा. मोठं अपडेट आल्यावर पहिले एक-दोन दिवस मात्र बघू नका. तेव्हा इंडेक्सिंग आणि अपडेटची उरलीसुरली कामं मागे चालू असतात, त्यामुळे चांगलं मशीनही धापा टाकतं. एक गोष्ट दुकानदाराच्या बाजूने: विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि तुमचा प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत नाही. एसएसडी टाकून त्यावर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकट ऑपरेटिंग सिस्टिम बसवायला काय हरकत आहे?

प्रश्न: हे पॅच बंद करता येतात असं एका व्हिडिओत पाहिलं. करू का? – एक विद्यार्थी, नाशिक

उत्तर: येतात. विंडोजवर स्टीव्ह गिब्सन यांचं ‘इनस्पेक्टर’ नावाचं छोटं, फुकट टूल आहे. नाव पोलिसी वाटलं तरी त्यात लपलाय स्पेक्टर. संरक्षण चालू आहे का आणि त्याने वेग कमी झाला आहे का, हे ते साध्या वाक्यांत सांगतं. खाली दोन्ही संरक्षणं बंद करायची बटणं आहेत. ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवायचं, बटण दाबलं की रिस्टार्ट करायचं. लिनक्सवर ५.२ किंवा त्यापुढचा कर्नल असेल, तर बूटच्या ओळीत ‘मिटिगेशन्स=ऑफ’ पुरे; मिटिगेशन्स म्हणजे हीच संरक्षणं. अख्खं विंडोज अपडेट मात्र काढू नका. त्या एका गाठोड्यात इतर शेकडो दुरुस्त्याही असतात.

आता ‘करू का’चं उत्तर. त्याच मशीनवर ब्राउझर उघडत असाल तर नको. गूगलने मार्च २०२१ मध्ये नुसत्या जावास्क्रिप्टने स्पेक्टर चालवून दाखवला होता. इंटेलच्या स्कायलेक प्रोसेसरवर, क्रोम ८८ मध्ये, सेकंदाला सुमारे एक किलोबाइट या गतीने मेमरी वाचली जात होती. वेग गोगलगायीचा, पण पासवर्ड केवढासा असतो? इंटरनेटला न जोडलेलं, रात्रभर रेंडरिंग करणारं मशीन असेल तर खुशाल बंद करा. फक्त आधी आणि नंतर तेच काम घड्याळ लावून मोजा. रेंडरिंगमध्ये कर्नलकडे फेऱ्या मुळातच कमी, त्यामुळे बहुतेक वेळा हाती काही लागत नाही आणि तुम्ही गुपचूप पॅच पुन्हा चालू कराल.

प्रश्न: आमच्या कारखान्यात एका सर्व्हरवर चार व्हर्च्युअल मशीन चालतात. डेटाबेसचं मशीन सर्वांत संथ आहे. कुठून सुरुवात करू? – एक सिस्टिम ॲडमिन, चाकण

उत्तर: या वेळचा सर्वांत मजेदार प्रश्न, कारण इथे पॅचवर संशय घ्यायला खरंच जागा आहे.

डेटाबेसच्या मशीनमध्ये ‘एलएससीपीयू’ ही लिनक्सची कमांड चालवा. मेल्टडाऊनपुढे ‘नॉट अफेक्टेड’ असेल तर हा विषय सोडा. ‘पीटीआय’ (वर सांगितलेला वेगळ्या नकाशाचा इलाज) दिसलं तर फ्लॅग्जच्या, म्हणजे प्रोसेसरच्या सोयींच्या, ओळीत ‘पीसीआयडी’ शोधा. प्रोसेसरकडे अलीकडच्या पत्त्यांची एक छोटी वही असते, टीएलबी. पीसीआयडी असेल तर नकाशा बदलला तरी वही शाबूत राहते. नसेल तर दर खेपेला ती कोरी करून पुन्हा लिहावी लागते. डेटाबेसच्या फेऱ्या सेकंदाला हजारोंनी असतात, त्यात हे पुसणं-लिहिणं महागात पडतं.

गंमत अशी, की मूळ प्रोसेसरकडे पीसीआयडी असूनही पाहुण्या, म्हणजे व्हर्च्युअल, मशीनला कधी कधी ते दिसतच नाही. प्रॉक्समॉक्समध्ये (व्हर्च्युअल मशीन चालवणारं सॉफ्टवेअर) बरीच वर्षं सीपीयूचा प्रकार आपोआप ‘केव्हीएम६४’ निवडला जायचा, आणि तो हा फ्लॅग पुढे देत नाही. प्रकार ‘होस्ट’ करा, मशीन पूर्ण बंद करून चालू करा आणि फ्लॅग पुन्हा बघा. वेगवेगळ्या प्रोसेसरच्या सर्व्हरांमध्ये चालू मशीन हलवत असाल तर ‘होस्ट’ नको, त्याऐवजी फक्त पीसीआयडी चालू करा. मग ॲप्लिकेशनकडे बघा. एकेक ओळ कमिट करण्यापेक्षा शंभर ओळी एका व्यवहारात टाकल्या, तर फेऱ्याच कमी होतात.

इतकं करूनही नाही भागलं तरी त्या सर्व्हरवर मिटिगेशन्स बंद करू नका. चारांतलं एक मशीन बाहेरच्या कंत्राटदाराच्या हाती असेल, तर बाकी तिघांची भिंत तुम्हीच पाडलेली असेल.

प्रश्न: नवीन लॅपटॉप घेतोय. या भानगडी नकोत म्हणून एएमडी घेऊ? – एक वाचक, ठाणे

उत्तर: मेल्टडाऊन एएमडीला लागू नव्हता, हे खरं. पण स्पेक्टर होता, त्याच जातीचा २०२२ चा रेटब्लीड इंटेल आणि एएमडी दोघांच्याही जुन्या पिढ्यांना भोवला आणि ऑगस्ट २०२३ मध्ये एकाच महिन्यात इंटेलचा डाऊनफॉल व एएमडीचा इन्सेप्शन बाहेर आला. आजच्या इंटेल चिपमध्ये मेल्टडाऊनची दुरुस्ती सिलिकॉनमध्येच आहे. बॅटरी, स्क्रीन आणि कीबोर्ड बघून जो आवडेल तो घ्या. रॅम मात्र सोळा जीबी घ्या. पुष्कळ मॉडेलांत ती बोर्डावरच सोल्डर केलेली असते, मागाहून वाढवता येत नाही.