एज्युकेशनल सुपरवायझरच्या प्रशिक्षणाचा अर्धा दिवस कशावर खर्च करावा?

तुम्ही विचारलंय की इंग्लंडमध्ये पब्लिक हेल्थच्या रजिस्ट्रारसाठी (म्हणजे या विषयात तज्ज्ञ होण्याचं प्रशिक्षण घेणाऱ्या ट्रेनींसाठी) नव्याने नेमलेल्या एज्युकेशनल सुपरवायझरना, म्हणजे त्यांच्या शिक्षणावर देखरेख ठेवणाऱ्या वरिष्ठांना, अर्ध्या दिवसात नेमकं काय शिकवावं. ई-पोर्टफोलिओ, फॉर्म आणि एआरसीपीचे (ट्रेनीच्या प्रगतीच्या वार्षिक आढाव्याचे) नियम सांगण्यातच सगळा वेळ जाईल, अशी तुम्हाला भीती आहे. ती रास्त आहे. मी इथे कन्सल्टंट (वरिष्ठ तज्ज्ञ) आहे, रजिस्ट्रारची सुपरवायझर आहे आणि असे वर्गही घेते. माझं म्हणणं थोडक्यात असं: नियम आधी लिहून पाठवा. सगळे एकत्र जमतात तो वेळ फार मोलाचा असतो, तो सरावासाठी ठेवा.

आपल्या विषयात सुपरवायझरची अडचणच वेगळी आहे. शस्त्रक्रिया शिकणाऱ्या डॉक्टरच्या शेजारी त्याचा वरिष्ठ उभा असतो, हात कसा चालतो ते त्याला दिसतं. आपल्या रजिस्ट्रारचं काम सहसा दिसतच नाही. एखाद्या भागातल्या आरोग्याच्या गरजांचा अभ्यास सहा-सहा महिने चालतो आणि सुपरवायझरच्या हाती येतो तो शेवटचा अहवाल. मधे कुठला आकडा का गाळला, कुणाशी बोलायचं टाळलं, कुठल्या बैठकीत माघार घेतली, हे त्या अहवालात नसतं. त्यात एप्रिल २०१३ मध्ये इंग्लंडमधलं सार्वजनिक आरोग्याचं बरंचसं काम एनएचएसमधून (सरकारी आरोग्यसेवेतून) कौन्सिलांकडे, म्हणजे स्थानिक स्वराज्य संस्थांकडे गेलं. तेव्हापासून रजिस्ट्रारचा बराच वेळ निवडून आलेल्या सदस्यांसमोर किंवा घरबांधणी, वाहतूक, शिक्षण अशा खात्यांच्या लोकांबरोबर जातो. तिथे सुपरवायझर बहुतेक वेळा हजर नसतो.

माझ्या पहिल्या रजिस्ट्रारच्या बाबतीत मी इथेच चुकले. तिचे मसुदे नेटके असायचे. मी वाचायचे, दोन-चार दुरुस्त्या सुचवायचे, ‘छान झालंय’ म्हणायचे. डीएफपीएच ही आपल्या विषयातली पहिली, लेखी परीक्षा ती पहिल्याच प्रयत्नात पास झाली. एमएफपीएच या त्यापुढच्या परीक्षेत मात्र अडकली. त्या परीक्षेत कागदावर काय येतं यापेक्षा तेच समोरच्या पत्रकाराला किंवा कौन्सिल सदस्याला मोजक्या मिनिटांत समजावता येतं का, हे पाहतात. निकाल लागला त्या दिवशी मला उमगलं की दीड वर्षात मी तिला एकदाही बैठकीत बोलताना पाहिलं नव्हतं.

पुढे एका समितीसमोर ती लसीकरणाच्या घसरत्या प्रमाणाबद्दल बोलणार होती, तेव्हा मी मागच्या रांगेत जाऊन बसले. वहीत दोनच रकाने आखले होते: काय विचारलं आणि ती काय म्हणाली. गोवराच्या लशीच्या दुसऱ्या डोसबद्दल एका सदस्याने चुकीचा आकडा ठासून सांगितला. ती थबकली, मान हलवली आणि पुढच्या स्लाइडवर गेली. बाहेर आल्यावर मी माझं मत सांगितलं नाही. त्या क्षणी मनात काय चाललं होतं, एवढंच विचारलं. आकडा चुकीचा आहे हे तिला पक्कं ठाऊक होतं. पण निवडून आलेल्या माणसाला भर बैठकीत दुरुस्त करण्याचा आपल्याला अधिकार नाही, असं तिला वाटलं होतं. म्हणजे अडचण ज्ञानाची नव्हती आणि भाषेचीही नव्हती. आणखी वाच, आणखी लिही असं मी सांगत राहिले असते तर ती कधीच सापडली नसती. पुढचे दोन महिने आम्ही समोरच्याचा मान राखून आकडा कसा सुधारायचा आणि त्यासाठी नेमकी कुठली वाक्यं वापरायची, एवढंच घोटून घेतलं.

म्हणून माझ्या वर्गाचा पहिला तास निरीक्षणाचा असतो. एक रजिस्ट्रार दहा मिनिटं एखादा विषय मांडतो, कुणीतरी सदस्य बनून प्रश्न विचारतं आणि बाकीच्यांनी फक्त दिसलं-ऐकलं ते लिहायचं. ऐकायला सोपं वाटतं, पण अनुभवी कन्सल्टंटनाही हे जड जातं. बहुतेकजण लिहितात, ‘आत्मविश्वास कमी’. हा निष्कर्ष झाला. ‘तीनपैकी दोन प्रश्नांना उत्तर देण्याआधी माझ्याकडे पाहिलं’ हे निरीक्षण. ट्रेनीला उपयोग होतो तो दुसऱ्याचा, कारण त्यावर काहीतरी करता येतं.

दुसरा भाग साइन-ऑफचा. अभ्यासक्रमातली उद्दिष्टं सुपरवायझर अंशतः किंवा पूर्ण साध्य झाली म्हणून नोंदवतो, आणि ‘पूर्ण’ म्हणजे किती, यावर दोन शेजारच्या टेबलांवरही एकमत नसतं. तीन रजिस्ट्रारनी एकाच उद्दिष्टासाठी दिलेले पुरावे घ्या (अर्थात त्यांची परवानगी घेऊन, नावं आणि ओळखीच्या खुणा काढून). प्रत्येकाने आधी एकट्याने निर्णय लिहावा, मग सगळ्यांनी एकदम उघडावा. निर्णय वेगळे येतील. ते का वेगळे आले, यावर होणारी चर्चा हाच या भागाचा गाभा आहे. तिथे लोक प्रामाणिकपणे बोलू लागतात: मुलगी मेहनती आहे म्हणून दिलं, शेवटचं वर्ष होतं म्हणून दिलं, नाही म्हटलं तर तक्रार होईल म्हणून दिलं. अशा सहीने रजिस्ट्रारचंच नुकसान होतं. रोगाच्या उद्रेकाच्या वेळी ऑन-कॉलवर फोन तोच उचलणार असतो.

तिसरा भाग अवघड संभाषणाचा. तिघांचे गट करा: एक सुपरवायझर, एक रजिस्ट्रार, एक निरीक्षक. शक्य असेल तर खरे रजिस्ट्रार बोलवा, ते जे बोलतात ते कुठल्याच सुपरवायझरला सुचत नाही. प्रसंग ओळखीचे घ्या. परीक्षेत दुसऱ्यांदा अपयश आलेला ट्रेनी. बाळंतपणाच्या रजेवरून अर्धवेळ परतलेली ट्रेनी, जिच्याकडून नकळत पूर्णवेळाच्या वेगाची अपेक्षा होते. आणि कामात मागे पडलेला, पण कुणीच तसं स्पष्ट न सांगितलेला ट्रेनी. या शेवटच्या प्रसंगाला जास्त वेळ द्या. एआरसीपीचं पॅनल मुख्यतः पोर्टफोलिओ आणि सुपरवायझरच्या रिपोर्टवर निर्णय घेतं. आउटकम ३ म्हणजे प्रशिक्षणाचा कालावधी वाढणं. आपण मागे आहोत हे एखाद्याला तिथे पहिल्यांदा कळलं, तर ती चूक मी सुपरवायझरच्या पदरात घालते. रिपोर्टमध्ये असं एकही वाक्य नसावं जे आधी तोंडी बोललं गेलेलं नाही.

इथेच आणखी एक गोष्ट सांगा. ट्रेनी आजारी असेल, घरचं संकट असेल, तर सुपरवायझरने समुपदेशक व्हायचं नाही. ऑक्युपेशनल हेल्थ (कर्मचाऱ्यांच्या आरोग्याचा विभाग) कुठे आहे, ट्रेनिंग प्रोग्रॅम डायरेक्टरला केव्हा कळवायचं, एवढं माहीत हवं आणि ते वेळेवर करायला हवं.

आपल्या स्पेशॅलिटीत डॉक्टरांबरोबर इतर पार्श्वभूमीचे लोकही त्याच प्रशिक्षणातून जातात. शेवटी कुणाची नोंदणी जीएमसीकडे (डॉक्टरांच्या नियामक परिषदेकडे) होते, कुणाची यूकेपीएचआरकडे (सार्वजनिक आरोग्य तज्ज्ञांच्या नोंदणी संस्थेकडे). सुपरवायझरही दोन्हींकडचे असतात. ट्रेनर म्हणून जीएमसीची मान्यता डॉक्टरांसाठी असते आणि तिला ॲकॅडमी ऑफ मेडिकल एज्युकेटर्सने ठरवलेल्या, ट्रेनरच्या कामाच्या सात क्षेत्रांचा आधार आहे. पण वर्ग सगळ्यांचा एकत्रच घ्या. वॉर्डातून आलेल्या ट्रेनीला निकाल दिसायला वर्ष लागतं हे सहन होत नाही. वैद्यकाबाहेरून आलेल्याला पहिल्या ऑन-कॉलची धास्ती असते. हे दोन्ही सुपरवायझरनी एकमेकांकडून ऐकलेलं बरं.

वेळेबद्दल मात्र मी आग्रही आहे. एनएचएसच्या जॉब प्लॅनमध्ये (कन्सल्टंटच्या कामाच्या ठरलेल्या वेळापत्रकात) एका ट्रेनीमागे आठवड्याला साधारण ०.२५ पीए (कामाच्या वेळेचं एकक), म्हणजे एक तास धरतात. कौन्सिलच्या करारावर असलेल्यांकडे असा जॉब प्लॅन बऱ्याचदा नसतोच, मग तो तास संध्याकाळी किंवा रजेच्या दिवशी जातो. वर्गाला येण्याआधीच प्रत्येकाला आपल्या डायरेक्टरकडून तो तास लेखी घ्यायला सांगा. तुमच्या पत्राच्या आधारे मागणं त्यांना सोपं जातं.

अर्ध्या दिवसानंतर तीन महिन्यांनी चार-चार सुपरवायझरना पाऊण तासासाठी ऑनलाइन पुन्हा जमवा. येताना प्रत्येकाने एक अडलेला प्रसंग आणायचा आणि मधल्या काळात ट्रेनीला निदान एकदा काम करताना पाहिलेलं असायचं. माझ्या वर्गातले काहीजण तोवर एकदाही गेलेले नसतात. त्यांना रागवू नका, कॅलेंडर उघडायला लावा आणि पुढच्या बैठकीची तारीख तिथेच टाकून घ्या.

साइन-ऑफच्या सरावासाठी तीन पुरावे निवडताना एक तरी असा घ्या, ज्यावर तुमचं स्वतःचंही मत अजून ठरलेलं नाही. तिन्हींची उत्तरं तुमच्याकडे तयार असली तर लोक चर्चा सोडून तुमचा चेहरा वाचत बसतात.