पोळ्यांच्या मावशी, गणपतीची सुट्टी आणि "आपसात मिटवून घ्या"

प्रश्न : ताई, मी डोंबिवलीत राहते. सकाळी सातच्या लोकलला पळायचं असतं म्हणून पाचला उठून दोन डबे, पोळ्या, मुलीची शाळा सगळं उरकते. मी म्हणते स्वयंपाकाला बाई लावू, पैसे मी देते, तर सासूबाई म्हणतात "माझ्या ओट्यावर बाहेरची बाई नको". रोज सकाळी यावरूनच वाजतं आणि नवरा मोबाईलमध्ये डोकं घालून बसतो. घरात शांती हवी म्हणून दरवेळी मीच माघार घ्यायची का?

उत्तर : नाही हो, माघार कुणीच घ्यायची नाहीये. तुमचं पत्र वाचताना मला मेरी पार्कर फॉलेट आठवल्या, शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेत त्यांनी भांडणं कशी सुटतात यावर खूप काम केलं. त्या हार्वर्डच्या लायब्ररीत एका छोट्या खोलीत बसल्या होत्या, कुणालातरी खिडकी उघडी हवी होती, यांना बंद. मग दोघांनी मिळून शेजारच्या खोलीची खिडकी उघडली. कारण समोरच्याला फक्त हवा हवी होती आणि यांना उत्तरेचा वारा अंगावर नको होता, खिडकीशी तसं कुणालाच काही देणंघेणं नव्हतं.

तुमच्याकडे "बाई हवी" आणि "बाई नको" यावरच सगळे अडकलेत, पण का नको हे सासूबाईंना कुणी नीट विचारलंय का? सासऱ्यांना बीपी असेल आणि बाई तेल-मीठ सढळ हाताने घालेल अशी काळजी असेल, सोवळ्याचा प्रश्न असेल, किंवा इतकी वर्षं जो ओटा आपल्या हातात होता तो गेला तर या घरात आपलं काय राहिलं अशी भीती असेल, जी तोंडाने बोलता येत नाही म्हणून नुसतं "बाहेरची बाई नको" एवढंच बाहेर पडतं. मला स्वतःला हे शेवटचं कारण सगळ्यात जास्त वेळा दिसतं. कारण कळलं की मार्ग बदलतो. तेलमीठ असेल तर फक्त पोळ्यांना मावशी लावा, भाजी-आमटी घरचीच राहू दे, सकाळचा सगळ्यात मोठा वेळ तसाही कणीक आणि पोळ्याच खातात. ओट्याचं असेल तर मावशी कोणत्या, किती वाजता येणार, पोळी घडीची की फुलका हे सासूबाईंनाच ठरवू द्या, आणि ठरवलं की मग त्यात लुडबूड करू नका.

तुमचं कारणही सांगा. "मला बाई हवी" असं नको, "पाचला उठते आणि रात्री अकराला पाठ टेकते, अंगात त्राण राहत नाही" असं. हे बोलणं सकाळी कुकरच्या शिट्टीत करू नका. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ जॉन गॉटमन यांनी कितीतरी वर्षं नवराबायकोची भांडणं बघून सांगितलंय की नाडी मिनिटाला शंभरच्या वर गेली की माणसाला समोरच्याचं ऐकूच येत नाही, मग निदान २० मिनिटं बाजूला व्हावं. आणि बोलण्याची सुरुवात जशी होते तसाच बहुतेक वेळा शेवट होतो हेही त्यांचंच निरीक्षण, म्हणून "तुम्ही नेहमी..." ने सुरुवात नको. रविवारी दुपारी चहाला बसा, मोबाईल बाजूला ठेवून नवऱ्यालाही बसवा. डबे भरणं आणि मुलीचं आवरणं त्यांनी उद्यापासून करावं, त्याला कुणाची परवानगी लागत नाही.

प्रश्न : मी जळगावचा, पुण्यात नोकरी. टीममधला सहकारी सिंधुदुर्गचा. दरवर्षी गणपतीच्या तोंडावर तो ग्रुपवर टाकतो "तिकीट काढलंय" आणि त्याच्या शिफ्ट माझ्या गळ्यात. यंदा मी ग्रुपवरच सुनावलं, तर आता आमचं बोलणं बंद.

उत्तर : सगळ्यात आधी ग्रुपवरून खाली उतरा. दहा जण बघत असताना कुणीच "हो चुकलं माझं" म्हणत नाही, उलट ताणतो. कॅन्टीनला दोघंच बसा आणि "ग्रुपवर बोललो ते नको होतं" एवढं म्हणून टाका, तुमची तक्रार खरी आहे ती त्याने खोटी होत नाही.

कोकणातल्या माणसाला चतुर्थीला घरी जावंच लागतं, ते सोडून बाकी सगळ्यावर बोलता येतं. तुमचा राग सुट्टीवर नाहीये असं मला वाटतं, न विचारता ठरवून टाकतो त्यावर आहे. तर रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधी सुटतं (नोव्हेंबर २०२४ च्या आधी १२० दिवस होतं), म्हणजे त्याला तिकीट काढायच्या आधीच सगळं बोलून घ्यावं लागेल. जूनमध्येच मॅनेजरसमोर वर्षाचं रोस्टर कागदावर घ्या, गणपती त्याचे, दिवाळी आणि आखाजी (अक्षय्य तृतीया) तुमची, आणि त्याच्या गणपतीतल्या जितक्या शिफ्ट तुम्ही कराल तितक्या त्याने तुमच्या करायच्या, तारखा घालून. मैत्री असली तरी तारखा घालाच.

प्रश्न : आमचे साहेब रात्री नको ते मेसेज पाठवतात. एचआरला सांगितलं तर म्हणाले आपसात मिटवून घ्या, ऑफिसचं वातावरण बिघडवू नका. मी शांतपणे कसं मिटवू?

उत्तर : तुम्ही काहीही मिटवायचं नाहीये. वर मी लिहिलं ते दोघांचंही काहीतरी रास्त असतं तेव्हाचं, इथे तसं नाही, हा छळ आहे. कामाच्या ठिकाणी बायकांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात समेट फक्त बाईने स्वतः मागितला तरच होतो, पैसे घेऊन तडजोड हा त्याचा आधार असूच शकत नाही, आणि "मिटवा" म्हणायचा एचआरला अधिकारच नाही. दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथे अशा तक्रारींची चौकशी करणारी अंतर्गत समिती असलीच पाहिजे, नसेल तर मालकाला ५०,००० रुपयांपर्यंत दंड आहे. दहापेक्षा कमी असतील, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जा.

मेसेज डिलीट करू नका, तारीख-वेळ दिसेल असे स्क्रीनशॉट घेऊन घरच्या कुणाच्या फोनवरही ठेवा. शेवटच्या घटनेपासून तीन महिन्यांच्या आत लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या, उशीर झाला असेल तरी कारण लिहून द्या, समिती आणखी तीन महिने देऊ शकते. चौकशी चालू असताना तुमची किंवा साहेबांची बदली, नाहीतर तीन महिन्यांपर्यंत रजा लेखी मागता येते आणि ती तुमच्या हक्काच्या रजेतून कापली जात नाही. अर्ज कसा लिहायचा ते अडलं तर मला परत लिहा, तुमच्या पत्राला मी आधी उत्तर देईन.