फुलपाखरं मोजायचीत? आधी तरोटा वाचवा

ताई, सप्टेंबरात कॉलनीतल्या पोरांना घेऊन फुलपाखरं मोजायची कल्पना झकास आहे. पाऊस उघडला की नागपुरात याहून बरा मोसम नाही. फक्त पहिल्याच वर्षी सगळं करायला जाऊ नका.

नवे लोक चुकतात ते साफसफाईत. तरोटा (टाकळा) आणि रुई तण समजून उपटू नका. तरोट्यावर छोटी पिवळी फुलपाखरं अंडी घालतात, रुईवर प्लेन टायगर नावाचं फुलपाखरू. आम्ही पहिल्या वर्षी आदल्या दिवशी मैदान चकाचक केलं आणि सकाळी पोरं नुसती माती बघत उभी!

बाकी एवढंच:

- कुंडीत कढीपत्ता किंवा लिंबू लावा. पानावर पक्ष्याची शिट वाटावी असं काही दिसलं तर झटकू नका. ती लाइम फुलपाखराची लहान अळी असू शकते, मोठी झाली की हिरवीगार होते. फवारणी बंद. चार पानं खाल्ली तर खाऊ द्या.
- पाण्याच्या टाकीखाली आग्या मोहोळ असेल तर पोरांना लांबच ठेवा. धूर, दगड नको, आणि कोणी जाळायला निघालं तर अडवा.
- सकाळी नऊनंतर बोलवा. ऊन अंगावर आल्याशिवाय फुलपाखरं नीट उडत नाहीत. आम्ही सहाला बोलावलं होतं, नुसत्या जांभया मोजल्या.

जाळी घरीच राहू द्या. शास्त्रीय नावांच्या भानगडीतही सध्या पडू नका, पाच जाती ओळखता आल्या तरी पुष्कळ. त्यात आपलं राज्य फुलपाखरू ब्लू मॉर्मन दिसलंच, तर मला लगेच फोटो पाठवा.