घराची किंमत आणि राहण्याची इच्छा

प्रश्न : मी शहापूरचा (बेळगाव) रहिवासी असून नुकताच निवृत्त झालो आहे. मुलगा पुण्यात हिंजवडीला नोकरी करतो. आमचे कौलारू घर वडिलोपार्जित असून त्यात माझ्यासह दोन भाऊ आणि एका बहिणीचा वाटा आहे. मुलाचे म्हणणे असे, की लोकांना जिथे राहावेसे वाटते तिथेच घरे महागतात. म्हणून इथला वाटा विकून पुण्यात फ्लॅट घ्यावा. मला वाटते, माणसे पुण्याला पोटासाठी जातात, मन त्यांचे इथेच असते. म्हणून येळ्ळूर रस्त्याकडे स्वस्तात मिळणारी दोन गुंठे जागा घेऊन ठेवावी. व्यवहार तूर्त बाँडवर, म्हणजे नोंदणी न करता नुसत्या मुद्रांक कागदावर होईल, असे मध्यस्थ सांगतो. आमच्यात बरोबर कोण?
— एक वाचक, शहापूर

उत्तर : आपले निदान मुलापेक्षा खरे आहे, पण त्यावरून आपण काढलेला मार्ग मात्र धोक्याचा आहे.

हिंजवडीच्या आसपासचे दर तिथल्या पगारांनी चढवले आहेत. ज्याला रोज कामावर हजर व्हायचे आहे त्याला ते दर मोजावेच लागतात, आणि म्हणून त्या दरांवरून त्याची इच्छा कळत नाही, गरज कळते. इच्छा पाहायची असेल तर उचगाव, कडोली किंवा खानापूरच्या पश्चिमेकडच्या एखाद्या गावात जावे. गल्लीत जुन्या कौलारू घरांच्या मध्ये नवे स्लॅबचे घर उभे असते, रंग ताजा असतो, आणि दाराला कुलूप असते. मालक पुण्यात किंवा गोव्यात भाड्याच्या दोन खोल्यांत राहतो आणि गणपतीला, गावच्या यात्रेला येऊन ते कुलूप काढतो. ज्या घरातून एक रुपया भाडे येणार नाही, त्यात कष्टाची पुंजी घालणारा हा माणूस आपल्याला कुठे राहायचे आहे हे स्वतःच सांगून जातो. दरांच्या कोणत्याही तक्त्यात त्याची ही इच्छा दिसत नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते. वडगाव-खासबागच्या विणकरांचेही तसेच आहे. पुढच्या सोप्यात यंत्रमाग आणि मागे संसार अशी ज्यांची घरे आहेत, त्यांना दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट फुकट दिला तरी उपयोगाचा नाही, कारण माग तिथे नेता येत नाही आणि मागाशिवाय घर चालत नाही.

मुलाच्या बाजूने एक गोष्ट मान्य करायला हवी. त्याचे आयुष्य आज तिथे आहे आणि त्याला तिथे छप्पर लागणारच. पण त्यासाठी इथले घर मोडणे हा हिशेब मला पटत नाही. साडेआठ टक्के व्याजाने 20 वर्षांसाठी कर्ज काढले तर दर 10 लाखांमागे महिना सुमारे 8,680 रुपये हप्ता बसतो, म्हणजे 50 लाखांसाठी 43,400 रुपये, आणि मुदतीअखेर घेतलेल्या रकमेच्या दुपटीहून अधिक पैसे गेलेले असतात. नोकरी बदलली, बेंगळूरला किंवा हैदराबादला जावे लागले, तर हा फ्लॅट पायातली बेडी होतो. निदान काही वर्षे त्याने भाड्यानेच राहावे.

आता त्या दोन गुंठ्यांविषयी. शंभर रुपये किंवा त्याहून अधिक किमतीच्या स्थावर मालमत्तेची विक्री नोंदणीकृत खरेदीपत्राशिवाय पूर्ण होत नाही, हा 1908 च्या नोंदणी कायद्याचा नियम आहे. बाँडवर सही होते, पैसे जातात, पण मालकी येत नाही. जमीन बिगरशेती झालेली नसेल आणि ले-आउटला बुडाची (बेळगाव नगरविकास प्राधिकरणाची) मंजुरी नसेल, तर पुढे ई-खाता, म्हणजे मालमत्तेचा संगणकीकृत सरकारी उतारा मिळणे अवघड होते, त्याच्याविना नोंदणी अडते आणि बँकही कर्ज देत नाही. जागा स्वस्त आहे ती याच कारणाने. शिवाय त्या बाजूला बळ्ळारी नाल्याच्या काठची भाताची शिवारे आहेत, तिथे पावसाळ्यात पाणी उभे राहते. 2019 च्या ऑगस्टमधला पूर आपण विसरला नसाल. जागा पाहायचीच असेल तर ती जुलैमध्ये पाहावी आणि शेजारच्या शेतकऱ्याला विचारावे, मध्यस्थाला नव्हे. आणि कायदेशीर प्लॉटचाही खर्च किमतीवर थांबत नाही. कर्नाटकात 5 टक्के मुद्रांक शुल्क, त्यावर अधिभार, आणि ऑगस्ट 2025 अखेरपासून 1 वरून 2 टक्के झालेले नोंदणी शुल्क हे सारे हिशेबात धरावे लागते.

माझा सल्ला असा, की त्या जागेचा संचकार (इसाराची रक्कम) देण्याचे थांबवून आधी भावंडांना एकत्र बसवा. हिंदू वारसा कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीचा वाटा मुलाइतकाच आहे, त्यामुळे बहिणीला केवळ सहीपुरते बोलावू नका. वाटणीच्या बोलण्यात ती पहिल्यापासून असू द्या. ज्याला राहायचे नाही त्याला रोख रक्कम देऊन नोंदणीकृत हक्कसोडपत्र घ्या, उरलेल्यांनी वाटणीपत्र करा, आणि महापालिकेची परवानगी घेऊन त्याच जागेवर टप्प्याटप्प्याने बांधा. बाजार, दवाखाना आणि ओळखीची माणसे जिथून पायी गाठता येतात अशी जागा शहापुरात आपल्याकडे आधीच आहे, आणि ती आज नव्याने घ्यायची म्हटली तर आपल्याला परवडणार नाही.

प्रश्न : आम्ही दोघे खानापूरहून रोज बेळगावला नोकरीला जातो. सगळे म्हणतात, टिळकवाडीत फ्लॅट घ्या, प्रवास वाचेल. पण मुलगी इथे आजी-आजोबांजवळ असते आणि मराठी शाळेत रमली आहे. काय करावे?
— एक वाचक भगिनी, खानापूर

उत्तर : फ्लॅटचा हप्ता आणि मुलीला सांभाळायला बाई ठेवण्याचा खर्च एकत्र मांडून त्याची तुलना रेल्वेच्या पासाशी करा. प्रवासाचा त्रास खरा आहे, तो मी कमी लेखत नाही. पण आजी-आजोबांचे हातपाय चालत आहेत आणि मुलगी लहान आहे, तोवर खानापूर सोडू नका. पुढे तिच्या शिक्षणासाठी शहरात यावे लागले, तर आधी वर्षभर भाड्याने राहून पाहा आणि मगच खरेदीचे बोलणे काढा. त्या वेळी एक काळजी अवश्य घ्या. खरेदीपत्र, उतारा, ई-खाता हे बहुतेक कानडीत असते, आणि आपल्यातले अनेक जण न वाचताच सही करतात. विकणाऱ्याच्या वकिलाकडून नव्हे, तर आपल्या विश्वासातल्या कानडी जाणणाऱ्या वकिलाकडून प्रत्येक पान मराठीत समजावून घ्या आणि चतुःसीमा जागेवर उभे राहून ताडून पाहा.