क्षारपड जमीन नुसत्या जिप्समने सुधारते का?

प्रश्न असा आहे : चिकोडी तालुक्यात दूधगंगेकाठी तीन एकर ऊसपट्टा आहे, वर पांढरा थर आलाय, ऊस निम्म्यावर आला. जिप्सम टाकून सुधारेल का? कर्नाटकात अनुदान मिळतं का? की विकून मोकळं व्हावं?

जिप्समचं नाव निघालं म्हणून लिहायला बसलो. पाण्याला वाट काढून दिली नसेल तर जिप्सम टाकू नका. एक पोतंसुद्धा नको. आपल्या भागात सदलग्यापासून उगारपर्यंत कुठेही विचारा, जमीन पांढरी पडली की पहिला सल्ला जिप्समचा येतो, कारण ते पोत्यात भरून विकता येतं. चर खोदून पाईप टाकायचा सल्ला कुणी देत नाही, कारण त्यात भाऊबंदांशी बोलावं लागतं.

आधी तुमची जमीन नेमकी कसली आहे ते बघा. पांढरा, मिठासारखा थर येतो, पाय दिला की वरची माती भुसभुशीत लागते, ती खारवट. पाणी साचून राहतं, वाळल्यावर दगड होते, ओली असताना साबणासारखी चिकटते आणि वर काळपट तेलकट डाग दिसतात, ती चोपण. कृष्णा-दूधगंगा पट्ट्यात बऱ्याच ठिकाणी दोन्ही एकत्र असतात. तपासणीसाठी माती उन्हाळ्यात काढा, तीही तीन थरांची वेगवेगळी : 0 ते 30, 30 ते 60 आणि 60 ते 90 सेंटिमीटर. नुसती वरची माती दिलीत तर रिपोर्टचा उपयोग नाही. सामू (पीएच) 8.5 च्या खाली आणि संपृक्त अर्काची, म्हणजे माती पाण्याने पुरती भिजवून तिच्यातून काढलेल्या पाण्याची, क्षारता 4 डेसिसायमन प्रति मीटरच्या वर असेल तर खारवट. सामू 8.5 च्या वर आणि विनिमययोग्य (मातीच्या कणांना चिकटलेला) सोडियम 15 टक्क्यांच्या वर असेल तर चोपण. इथे एक मोठी फसगत होते. बऱ्याच प्रयोगशाळा क्षारता 1:2.5 या माती-पाणी मिश्रणात मोजतात. तो आकडा संपृक्त अर्कापेक्षा कितीतरी कमी येतो, आणि रिपोर्टवर 1.2 बघून शेतकरी म्हणतो, काही विशेष नाही. उसाचं उत्पादन संपृक्त अर्काच्या 1.7 नंतरच उतरायला लागतं, म्हणून कुठल्या पद्धतीने मोजलंय ते विचारून घ्या.

त्याहून महत्त्वाची तपासणी फुकट आहे. रानात तीन-चार ठिकाणी पाच-सहा फुटांची भोकं पाडा, दोन इंची पाईपला खाली बारीक छिद्रं पाडून त्यात उभा करा, वरून झाकण लावा. दर आठवड्याला काठी घालून पाणी किती खाली आहे ते लिहून ठेवा. पाणी जमिनीखाली चार-पाच फुटांच्या आत असेल तर काळी माती ते वर ओढणारच. पाणी उन्हाने उडून जातं, मीठ वर राहतं. पांढरा थर येतो तो असा. आता यात जिप्सम काय करणार? जिप्सम म्हणजे कॅल्शियम सल्फेट. मातीच्या कणाला चिकटलेल्या सोडियमला कॅल्शियम हुसकावून लावतं आणि सोडियम सल्फेट होऊन ते पाण्यात विरघळतं. पुढे ते पाणी रानाबाहेर गेलं पाहिजे. जिथे पाणीच चार फुटांवर तुंबलंय, तिथे ते जाणार कुठे? खारवट जमिनीला तर बहुतेक वेळा जिप्समची गरजच नसते. तिला धुवायला गोडं पाणी आणि ते धुणं बाहेर काढायला पाईप लागतो.

पाईप म्हणजे 80 मिलिमीटरचा, नालीदार, छिद्रं असलेला पीव्हीसी पाईप, त्यावर न विणलेल्या कापडाची गाळणी. खोली 1 ते 1.2 मीटर. भारी काळ्या रानात दोन ओळींत 20 ते 30 मीटर अंतर ठेवतात. तीन एकर म्हणजे 12,140 चौरस मीटर, म्हणजे 25 मीटरवर तुम्हाला साधारण 485 मीटर पाईप लागेल. उतार 100 मीटरला 10 ते 20 सेंटिमीटर. खोदाई तोडणीनंतर एप्रिल-मेमध्येच करा, ओल्या काळ्या मातीत चराच्या कडा कोसळतात. काम नेहमी नाल्याच्या तोंडाकडून सुरू करून वर वर न्यायचं, म्हणजे चरात आलेलं पाणी वाहून जातं आणि तुम्हाला कोरड्यात पाईप टाकता येतो. पाईपवर आधी वीतभर भुसभुशीत माती हाताने टाका, मगच जेसीबीला ढेकळं ढकलू द्या.

हे सगळं पाठ असूनही काम कसं बिघडतं ते दूधगंगेकाठच्या एका गावात बघितलंय. सात शेतकरी, एका ओळीत रानं, खाली नाला. वरच्या सहा जणांचं पाणी सातव्याच्या रानातून न्यायचं होतं. तो अडून बसला. म्हणणं एकच : तुमचा पाईप माझ्या रानातली ओल ओढून घेईल. त्याला सांगितलं, तुमच्या रानातून जाणारा पाईप बिनछिद्राचा असेल, तो काहीच ओढणार नाही. आणि छिद्रांचा असला तरी पाईपच्या वर तुंबलेलं मोकळं पाणीच त्यात उतरतं, मातीच्या कणांनी धरलेली ओल जागेवर राहते, पिकाची मुळं तीच पितात. पटलं नाही. शेवटी मुख्य पाईप त्याच्या बांधाला वळसा घालून नेला. अंतर वाढलं, दोन वळणं आली, आणि हातात असलेला उतार त्या वाढीव अंतरात वाटला जाऊन 100 मीटरला 10 सेंटिमीटरच्याही खाली आला. त्यात जेसीबीच्या चालकाने एका जागी बकेट जास्त खोल घातलं आणि खड्डा सुट्या मातीने भरून वरून पाईप ओढला. ती माती पावसात बसली, पाईप तिथे खाली लवला, त्याला पोट आलं.

पहिल्या पावसाळ्यात नाल्याला पाणी छान पडत होतं. दुसऱ्या वर्षी वरच्या तपासणी टाकीत गुडघाभर पाणी आणि खालची टाकी कोरडी. टाकी म्हणजे सिमेंटच्या रिंगा एकावर एक ठेवलेली, तळ पाईपच्या तोंडापेक्षा फूटभर खाली, म्हणजे गाळ तिथे बसतो. बांबूच्या चिरफळ्या जोडून आत घातल्या, एका ठिकाणी अडल्या, वरून मोजून खणलं. पोटातला पाईप बारीक काळ्या गाळाने शिगोशीग. तिथेच एक नवीन टाकी बसवली तेव्हा पाणी सुटलं. दुसरी खोट तोंडाशी होती. पाईप नाल्याच्या तळाला टेकवून सोडला होता. जुलैत नदी फुगली, नाला उलटा भरला आणि गढूळ पाणी पाईपमधून रानात चढलं. उन्हाळ्यात आत खेकडे आणि उंदीर. तोंड नाल्याच्या नेहमीच्या पाण्यापेक्षा निदान फूटभर वर ठेवायला हवं होतं, शेवटचे दोन-तीन मीटर जाड साध्या पाईपचे, तोंडाला जाळी, आणि पुराचं पाणी येणाऱ्या भागात रबरी झडप. आता हे सगळं केलंय. झाडाखालून जाणारा भागही बिनछिद्राचाच घ्या, मुळं गाळणी फोडून आत शिरतात.

सातव्याचं रान आज खालच्या अंगाला पांढरं आहे. तो म्हणतो, तुमच्या पाईपने मीठ माझ्याकडे आणलं. दादा, पाईप तुमच्या बांधाबाहेरून गेलाय! तुमच्या रानात मीठ तुमच्याच 10 एचपीच्या मोटरीने आणलंय.

आणि हे मी फक्त त्याला म्हणत नाही. कर्नाटकात 10 एचपीपर्यंतच्या शेतीपंपाला वीज फुकट आहे. मीटर बघायचं कारण नाही, म्हणून थ्री फेज आली की मोटर चालू आणि थ्री फेज गेली की बंद. बऱ्याच ठिकाणी ऑटो स्टार्टर लावून माणूस घरी झोपलेला असतो. उसाला वर्षाकाठी पावसासकट 1500 ते 2500 मिलिमीटर पाणी लागतं, त्यावरचं सगळं खाली जाऊन तुमच्या शेजाऱ्याच्या पायाखाली उभं राहतं. गावात हा विषय काढला की उत्तर ठरलेलं असतं : 2019 चा पूर, 2021 चा पूर, अलमट्टी धरणाची उंची. पुराने जमीन खचते, गाळ येतो, पीक कुजतं, ते सगळं खरं. पण नदीपासून लांब, ज्या रानात कधी पुराचं पाणी आलं नाही, तिथेही पांढरा थर आहे. तिथे अलमट्टी कशी पोचली? 2025 च्या नोव्हेंबरात बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लापूर क्रॉसला शेतकरी उसाला टनामागे 3500 रुपयांसाठी धरणं धरून बसले, 3300 वर मिटलं. मागणी रास्तच होती. पण एकरी 40 टनाचा ऊस क्षारामुळे 20 वर आला तर 3300 च्या दराने 66,000 रुपये एकरी गेले. टनामागे 200 रुपयांच्या भांडणात एवढा पैसा कधीच नव्हता.

आता अनुदान. कचेरीत ‘सवळु-जवळु जमीन’ म्हणून विचारा, क्षारपड म्हटलेलं कळत नाही. घटप्रभा किंवा मलप्रभेच्या कालव्याच्या लाभक्षेत्रात असाल तर बेळगावच्या काडाकडे (लाभक्षेत्र विकास प्राधिकरण) अर्ज चालतो. तुमचं रान दूधगंगेवरच्या स्वतःच्या लिफ्टचं (उपसा सिंचनाचं) असेल तर त्यात बसणं अवघड, म्हणून होबळीच्या (तालुक्याखालच्या महसुली मंडळाच्या) रयत संपर्क केंद्रात, म्हणजे कृषी खात्याच्या कचेरीत, त्या वर्षी दुसरं काय चालू आहे ते बघा. कुठेही गेलात तरी एफआयडी (शेतकरी ओळख क्रमांक) लागणार, आणि त्यात तुमचा प्रत्येक सर्व्हे नंबर चढलेला हवा. उतारा अजून आजोबांच्या नावावर असेल तर आधी नाडकचेरीत पौती (वारसनोंद) करून घ्या, नाहीतर फाईल हलत नाही. ठिबकला मात्र राज्यात 90 टक्क्यांपर्यंत अनुदान आहे. ते आधी घ्या, कारण पाईप टाकून वर पाटाने रात्रभर पाणी सोडणार असाल तर पाईप टाकण्यात अर्थ नाही. काम बघायचं असेल तर उगारला करनालच्या केंद्रीय मृदा लवणता संस्थेच्या आराखड्याने झालेलं आहे, आणि नदीपलीकडे शिरोळच्या दत्त कारखान्याच्या परिसरात शेतकऱ्यांनी एकत्र येऊन केलेलं आहे. एकट्याने तीन एकरांत करण्यापेक्षा ओळीतल्या सगळ्यांनी मिळून करणं केव्हाही स्वस्त, कारण मुख्य पाईप आणि नाल्याचं तोंड एकच लागतं.

पाईप पडल्यावर लगेच ऊस लावू नका. रानाचे छोटे वाफे पाडा, बांध घट्ट करा, नदीचं पाणी भरा, मुरू द्या, पुन्हा भरा. सलग भरून ठेवण्यापेक्षा असं थांबून थांबून भरलेलं चांगलं. ढोबळ हिशोब असा की जेवढी खोल माती धुवायची, तेवढ्याच उंचीचं पाणी त्यातून गेलं की सुमारे 80 टक्के क्षार जातात. पावसाळा हे काम फुकट करतो, फक्त पाणी बांधाबाहेर वाहू देऊ नका. विहीर-बोअरचं पाणी तपासल्याशिवाय वापरू नका, 2.25 च्या वर क्षारता असेल तर त्याने मीठ वाढेल. चोपण निघाली असेल तर आता जिप्सम टाका, तेही प्रयोगशाळेने काढलेल्या गरजेएवढंच, वरच्या चार-सहा इंचांत मिसळून, मग पाणी. मातीत चुनखडी भरपूर असेल तर गंधकही चालतं, पण ते मातीतल्या जिवाणूंवर अवलंबून, वेळ घेतं. पहिलं पीक एकरी 20 किलो ढैंचा (हिरवळीचं खत), 45-50 दिवसांनी फुलायच्या आत गाडा. मग गहू किंवा शाळू. हरभरा आणि घेवडा लगेच नको, त्यांना मीठ अजिबात सोसत नाही.

हेही सांगितलं पाहिजे : नाल्याला सोडलेलं खारं पाणी शेवटी नदीतच जातं, खालच्या गावांना ते प्यायचं असतं, म्हणून धुण्याचं काम पावसाळ्यात नदी वाहती असतानाच करा, मार्च-एप्रिलमध्ये नको. नाला तुमच्या रानापेक्षा वर असेल तर उताराने काम होणार नाही, पाणी गोळा करायचा खड्डा (संप) खणून पंपाने उपसावं लागेल आणि खर्चाचं गणित बदलेल. वीजबिलाबद्दल बोललो ते ऊसवाल्यांबद्दल, दीड एकरात ज्वारी-भुईमूग करणाऱ्याची मोफत वीज काढा असं माझं म्हणणं नाही.

विकायचं म्हणाल तर आज पांढऱ्या रानाचा दर पडेलच येईल, आणि घेणारा बहुधा तुमच्या वरच्या अंगाचाच असेल. आधी ती भोकं पाडून एक उन्हाळा आणि एक पावसाळा पाण्याची नोंद ठेवा, नाल्याच्या तळाची लेव्हल काढून घ्या. तोंडाला पुरेसा उतार मिळत असेल तर विकू नका.