चि. बाळास, गच्चीवरच्या बागेविषयी

चि. बाळ यास,
अनेक आशीर्वाद.

तुझी यादी वाचली. कोकोपीटच्या विटा, हिरवी जाळी, फायबरच्या कुंड्या, तीन तऱ्हेची खतं, बियांचा संच आणि वर हातमोजे. बेरीज तू केलीच आहेस, मी पुन्हा सांगत नाही. यातलं काहीही घेऊ नकोस. कोल्हापुरात राहून माती-खत विकत आणायचं म्हणजे पन्हाळ्यावर जाऊन वारा विकत घेण्यातला प्रकार आहे. अवतीभवती ऊस, गूळ, म्हशी, कुंभारवाडे, देवळांतले नारळ, आणि तू ऑनलाइन नारळाचा भुसा मागवणार!

आधी एक सांगते, म्हणजे पुढे हिरमुसायला नको. आपल्याकडे एप्रिलमध्ये पारा 37-38 पर्यंत जातो आणि गच्चीचा स्लॅब त्याहून तापतो. अशा दिवसांत नवख्या माणसाला टोपलीभर भाजी निघत नाही. निघेल ती वरकड समज. या उन्हाळ्यात तुझं खरं काम माती तयार करायचं. 7 जूनला मृग लागेल तेव्हा चांगल्या, काळ्या, मुठीत धरली तर गोळा होणाऱ्या आणि बोटाने टोचली की फुटणाऱ्या मातीचे दहा-बारा डबे तयार असले की तू जिंकलास. पाऊस पडला की बाकीचं आपोआप होतं.

जागेचं आधी बघ. तुझ्या घरमालकीण काकूंना विचारल्याशिवाय एकही डबा वर चढवू नकोस. 20 लिटरची बादली मातीने भरून भिजली की 25-30 किलो सहज होते, म्हणून सगळ्या बादल्या स्लॅबच्या मधोमध न मांडता कठड्याच्या कडेने, भिंतींवर भार जाईल अशा ठेवायच्या. खाली दोन-दोन विटा. विटांमुळे बुडाला वारा लागतो, तापलेल्या स्लॅबची धग मुळांपर्यंत जात नाही, आणि पाणी साचून खालच्या मजल्यावर ओल उतरत नाही. काकूंच्या छताला डाग पडला तर बाग त्याच दिवशी बंद, हे लक्षात ठेव.

डबे फुकट मिळतात. रंगाच्या 20 लिटरच्या रिकाम्या बादल्या रंगकाम चाललेल्या कुठल्याही इमारतीत मागितल्या की देतात. हॉटेलवाल्यांकडे तेलाचे पत्र्याचे डबे असतात, पण पत्रा उन्हात भाजून निघतो, त्याला बाहेरून चुना मार नाहीतर ओलं पोतं गुंडाळ. बुडाला करंगळी जाईल एवढी पाच-सहा भोकं पाड. त्यावर नारळाच्या शेंड्या पसर. अंबाबाईच्या देवळाभोवती नारळ-ओटीचं साहित्य विकणारे असतात, शेंड्या त्यांच्याकडे ढिगाने पडलेल्या असतात. त्या पाणी धरतात आणि मातीही खाली वाहू देत नाहीत. तुझं कोकोपीट म्हणजे याच नारळाच्या सोडणाचा भुसा.

आता माती. इथे जरा सावकाश वाच.

नदीकाठची काळी माती नुसती वापरलीस तर डब्यात ती वाळून भेगाळते आणि पाणी भेगांतून थेट भोकाबाहेर जातं. जोतिबा-पन्हाळ्याकडची तांबडी माती मोकळी असते, पण तिच्यात कस कमी. दोन्ही निम्मी-निम्मी मिळाली तर उत्तम, नाही मिळाली तर कुठलंही घर बांधताना पाया खणतात तिथली वरची वीतभर माती माग. खालचा मुरूम नको, रस्त्याकडेची डांबर-ऑइल प्यालेली तर अजिबात नको. या मातीचे दोन वाटे, कुजलेलं शेणखत एक वाटा, आणि एक वाटा चुरलेला वाळका पाला. ताराबाई पार्कात सकाळी रस्ते झाडतात तेव्हा पाचोळ्याचे ढीग लागतात. झाडणाऱ्या मावशींना विचारून एक पोतं भरून घे, त्यांचंही ओझं हलकं होतं.

शेणखत गवळ्याकडून आण. गंगावेशीत दुधाच्या कट्ट्यावर सकाळ-संध्याकाळ म्हशी धारेला येतात, तिथेच एखाद्या गवळ्याशी ओळख काढ. खत निदान सहा महिन्यांचं, वास न येणारं हवं. ताजं शेण डब्यात घातलंस तर उष्णतेने कोवळी मुळं करपतील. आणि आणलेलं खत थेट डब्यात ओतू नकोस. वर्तमानपत्रावर पसरून हाताने चाळ. त्यात करंगळीएवढी पांढरी, तपकिरी डोक्याची, वाकडी होऊन पडलेली अळी सापडेल. उसाचा शेतकरी हुमणीच्या, म्हणजे उसाची मुळं खाणाऱ्या अळीच्या, नावाने कसा बोटं मोडतो ते तू ऐकलं असशीलच. ही अळी त्याच कुळातली. सगळ्याच मुळं खातात असं नाही, पण डब्यात एवढीशी जागा, तिथे परीक्षा बघत बसू नये. वेचून कावळ्यांना टाक.

रसवंतीवर उसाचं चिपाड फुकट मिळतं, त्यावर मात्र घाई नको. ओलं चिपाड आणून पसरलंस की अर्ध्या तासात मुंग्यांची रांग लागेल, दुसऱ्या दिवशी आंबूस वास. चार-पाच दिवस कडक उन्हात वाळव, कुरकुरीत झालं की तुकडे कर आणि मातीवर तीन बोटं जाड थर दे. मातीत मिसळू मात्र नकोस. कुजताना ते मातीतलं नत्र स्वतःच खाऊन टाकतं, आणि तुझी भेंडी पिवळी पडते. वर आच्छादन म्हणून ठेवलंस तर पाणी बरंच कमी लागतं. उसाचं पाचट मिळालं तर त्याहून बरं.

घरचा ओला कचरा भोकं पाडलेल्या बादलीत घाल. ओल्याच्या एका थरावर वाळक्या पाल्याचे दोन. वास आला तर ओल जास्त झाली म्हणायचं, पाला वाढव. काहीच होत नसेल तर सुकलंय, पाणी शिंपड. अडीच-तीन महिन्यांत खत होतं, म्हणजे आता सुरू केलंस तर मृगानंतरच्या लावणीला हाताशी येईल. जीवामृताबद्दल, म्हणजे शेण-गूळ आंबवून करतात त्या पातळ खताबद्दल, विचारलं होतंस. 10 लिटर पाण्यात अर्धा किलो शेण, अर्धा लिटर गोमूत्र, 100 ग्रॅम काळा गूळ, 100 ग्रॅम बेसन आणि मूठभर माती. सावलीत ठेवून रोज दोनदा ढवळ, उन्हाळ्यात तीन दिवसांत तयार होतं. गूळ चिक्कीचा नको, गुळाच्या दुकानात तळाला राहिलेला काळा, विरघळायला आलेला असतो तो माग. खाण्याच्या लायकीचा नसतो, पण जिवाणूंना चालतो.

पाणी सकाळी, ऊन चढण्याआधी. बोट दोन पेरं आत घाल, आत ओल लागली तर त्या दिवशी सुट्टी. तांदूळ-डाळ धुतलेलं पाणी घाल. साबणाचं नको, फिल्टरच्या नळीतून वाया जाणारं खारटही नको. दुपारी दोनला वेलीची पानं माना टाकतील आणि तू तांब्या घेऊन धावशील. धावू नकोस. सहाला परत बघ. उठून बसली असतील तर पाणी पुरेसं आहे, ती नुसती उन्हापासून अंग चोरत होती. सकाळीही मलूल असतील तर मात्र खरी तहान.

गंगावेशीतल्या किंवा शाहूपुरीतल्या कुंभार गल्लीत कड उडालेली गाडगी स्वस्तात मिळतात. तडा गेलेलं घेऊ नकोस. एक गाडगं मोठ्या डब्यात गळ्यापर्यंत पुरायचं, पाणी भरायचं, तोंडावर फरशीचा तुकडा ठेवायचा, नाहीतर डास होतील. पाझरून पाझरून मुळांना ओल मिळते, तू दोन दिवस गावी गेलास तरी चालतं. आत्याकडचा जुना माठ चालेल का, असं विचारशील. त्याची छिद्रं पाण्यातल्या क्षारांनी बुजलेली असतात, म्हणूनच तो पाणी गार करत नाही. पुरून तो पाझरणार नाही, पण बुडाला भोक पाडून त्यात पुदिना झकास येतो.

सावलीसाठी जुनी सुती साडी बांध, नऊवारी असेल तर फारच छान. पण डोक्यावर मांडव घालू नकोस, पश्चिमेच्या अंगाला पडद्यासारखी बांध. सकाळचं ऊन झाडांना हवंच असतं, दुपारनंतरचं जाळतं.

आता काय लावायचं. कोथिंबीर आणि टोमॅटो सगळ्यांना आधी हवे असतात. दोन्ही आत्ता नको. कोथिंबीर या उन्हात वीतभर होऊन तुऱ्यावर येते, आणि पारा 35 च्या वर गेला की टोमॅटोची फुलं गळतात. मग तू रडत बसणार. त्यापेक्षा तांबडा माठ पेर, महिन्याभरात खुडायला येतो आणि खुडला की परत फुटतो. पुदिन्याची जुडी मंडईतून आण, पानं चटणीला, काड्या पाण्याच्या ग्लासात. आठवड्यात मुळं दिसतील. मोरीचं पाणी जिथे जातं तिथे अळूचा एक कंद. गवार आणि चवळी मातीत नत्र घालतात, म्हणून दोन डबे त्यांचेही. आणि भेंडी, जी साधारण 45-50 दिवसांत तोडायला येते.

भेंडीचं बी कृषी सेवा केंद्रातून घे, बियांवरचा हाच काय तो खर्च. 'परभणी क्रांती' माग. केवड्याला, म्हणजे पानं पिवळीजर्द पडतात त्या रोगाला, ती बऱ्यापैकी दाद देत नाही, आणि सरळ वाण असल्याने तिचं बी धरता येतं. संकरित वाणाचं धरलेलं बी आईबापांवर जाईलच असं नसतं. गुलाबी-निळा रंग लावलेलं बी औषध चोळलेलं असतं, ते हाताळल्यावर हात धू. पेरण्याआधी रात्रभर भिजत घाल.

बाकी बी आत्ता घरोघरी सांडलंय. चटणीचे दिवस आहेत, पोरा! शेजारीपाजारी परातीत मिरची वाळतेय, देठं खुडली जातायत. अख्ख्या, न दळलेल्या जवारी संकेश्वरीच्या चार मिरच्या माग. वाकून मागितल्या तर कोल्हापुरात कोणी नाही म्हणत नाही. फोडून बी काढ. चपटं, पिवळसर ते ठेव, तपकिरी पडलेलं टाकून दे. त्यातले दहा दाणे ओल्या फडक्यात बांधून उबेला ठेव. सात-आठ दाण्यांना मोड आले तर बी चांगलं, तीन-चारांनाच आले तर दुसऱ्या घरची मिरची बघ. पेरायचं मात्र मेच्या मध्यावर, साडीच्या सावलीत, अर्धा सेंटिमीटर खोल, पाणी शिंपडूनच. आठ-बारा दिवसांत उगवतं आणि पाऊस स्थिरावेपर्यंत रोपं लावणीला येतात. आणि काम झालं की हात डोळ्याला लावू नकोस, एवढं तरी शहाणपण असेल.

अक्षय्य तृतीयेला वेलाचं बी टोकायची आपल्याकडे रीत आहे. त्या दिवशी कठड्याजवळच्या मोठ्या बादलीत दोडका टोक. वेल दोरीवर चढली की पहिली फुलं येतील आणि सगळी गळतील. घाबरू नकोस, ती नर फुलं. मादी फुलाच्या मागे बोटभर दोडक्याचं पिल्लूच असतं, बघितलंस की कळेल. दोडक्याची फुलं संध्याकाळी उमलतात, आणि चौथ्या मजल्यावर मधमाश्या येतीलच असं नाही. एक नर फूल तोड, पाकळ्या मागे मुडप आणि आतलं पिवळं चूर्ण मादी फुलाला अलगद टेकव. ऑफिसातून आल्यावर पाच मिनिटांचं काम.

चवळीच्या शेंड्याला काळा मावा धरणारच. पाण्याचा जोराचा फवारा मार, दोन दिवसांनी पुन्हा. तेवढ्याने भागलं नाही तर 50 ग्रॅम निंबोळीची पूड लिटरभर पाण्यात रात्रभर भिजव, गाळ, चिमूटभर साबण घाल, संध्याकाळी फवार. कोणीतरी निपाणीच्या तंबाखूचं पाणी मारायला सांगेल. मारू नकोस. निकोटीन माणसालाही विषच, शिवाय तंबाखूतला मोझॅकचा विषाणू मिरची-टोमॅटोला लागतो.

वळीव येईल तेव्हा आधी वारा येतो. आभाळ भरलं की साडी उतरव, नाहीतर दोऱ्यासकट वेल घेऊन ती शेजारच्या गच्चीत जाईल. मृगाचे दोन-तीन चांगले पाऊस झाले की सगळ्या डब्यांची भोकं तारेने मोकळी कर, चिपाडाचा थर पातळ कर, आणि मग मिरचीची रोपं लाव, कोथिंबीरही पेर.

भेंडीच्या सगळ्यांत निरोगी झाडाला आधीच लाल दोरा बांधून ठेव. त्यावरच्या दोन शेंगा तोडू नकोस, भाजी कमी पडली तरी. वाळून तडकायला लागल्या की बी काढ, राखेत घोळवून कागदी पुडीत बांध, पुडीवर तारीख घाल. निम्मं मला आणून दे, माझ्याकडचं संपत आलंय.

तुझी,
आत्या